उपाशीपोटी आणू नका : चयापचयाचे दुर्मीळ आजार, लाळ आणि मुलांचे दात

वाडीवरच्या आरोग्य शिबिरात दातांची तपासणी नेहमी शेवटी येते. ताप, खोकला, खरूज, वजन-उंची हे सगळे उरकले की मग कुणीतरी बॅटरी लावून मुलांच्या तोंडात पाहते. पुढचे चार दात काळे पडलेले, झिजून हिरडीला टेकलेले. आईला विचारले तर ती हसून म्हणते, "दुधाचेच हायेत, पडतील की." यातल्या बहुतेक मुलांची गोष्ट साधी असते. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, दिवसातून चार वेळा गोड कोरा चहा, आणि दातांना ब्रश लागलेलाच नाही.

पण कधीतरी एखादे मूल असे येते की त्याच्या तोंडाची गोष्ट वेगळी असते. चार वर्षे उलटली तरी लाळेरे सुटलेले नाही. जीभ एवढी मोठी की तोंड मिटत नाही. तीन वर्षांचा दात मुळासकट आपोआप गळून पडला. दाताला कीड नाही, तरी हिरडीवर पुवाचा फोड. अशा मुलांच्या दातांमागे कधीकधी चयापचयाचा जन्मजात आजार असतो. हे आजार दुर्मीळ आहेत. एखाद्या कार्यकर्त्याला सगळ्या आयुष्यात अशी एक-दोनच मुले भेटतील. पण त्या एका मुलाच्या बाबतीत दाढदुखीसारखी किरकोळ वाटणारी गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणून आरोग्य रक्षक, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेचे शिक्षक आणि पालक यांच्यासाठी हा लेख.

चयापचय म्हणजे काय?

कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. भाताची गिरणी सगळ्यांनी पाहिलेली आहे. वरून भात ओतायचे, एका टप्प्यावर तूस निघते, पुढे कोंडा निघतो आणि शेवटी तांदूळ पोत्यात पडतो. आता मधला एकच टप्पा बंद पडला तर दोन गोष्टी होतात. मागे माल तुंबतो आणि पुढे पोते रिकामे राहते.

आपल्या शरीरातही खाल्लेल्या अन्नाचे असेच टप्प्याटप्प्याने काम चालते. प्रत्येक टप्प्यावर एक विकर, म्हणजे एन्झाइम, काम करत असते. एखादे विकर जन्मतःच नसले किंवा अपुरे असले की नको तो पदार्थ शरीरात साचतो आणि हवा तो तयार होत नाही. काही आजारांत साचलेला पदार्थ मेंदूला विषासारखा बाधतो, काहींत तो यकृत, हाडे, जीभ, हिरड्या यांत साठत जातो, तर काहींत रक्तातली साखर एकदम खाली जाते.

यातले बहुतेक आजार आई आणि वडील या दोघांकडून एक-एक सदोष जनुक आल्यामुळे होतात. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता ४ पैकी १ असते. एक मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन चांगली निघतील असा याचा अर्थ नाही. दर वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. यात कुणाची करणी नाही, बाधा नाही आणि आईचा दोष तर मुळीच नाही. मात्र एखाद्या घरात आधीची बाळे काही दिवसांत किंवा महिन्यांत कारण न कळता गेली असतील, तर पुढच्या गरोदरपणात ही गोष्ट आशाताईला आणि डॉक्टरांना आवर्जून सांगावी. आपल्याकडे अशा मृत्यूंविषयी बोलणे टाळतात. पण त्या माहितीने पुढचे बाळ वाचू शकते.

लाळ काय करते?

लाळ म्हटले की आपल्याला थुंकी आठवते. प्रत्यक्षात दातांना लाळेइतकी मोठी राखण दुसरी नाही. कानाखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा लाळेच्या तीन मोठ्या ग्रंथींच्या जोड्या असतात. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणीच असते. पण उरलेल्या एका टक्क्यात आम्ल मारणारे क्षार, दाताला लागणारे कॅल्शियम आणि फॉस्फेट, आणि जंतूंशी लढणारी प्रथिने असतात.

आपण काही गोड किंवा पिठूळ खाल्ले की दातांवरच्या थरातले जंतू त्यावर ताव मारतात आणि आम्ल सोडतात. काही मिनिटांतच तोंडातला सामू, म्हणजे पीएच, ५.५ च्या खाली जातो आणि दातावरच्या कठीण आवरणातले क्षार विरघळू लागतात. लाळ हळूहळू ते आम्ल धुऊन काढते आणि गेलेले क्षार थोडेफार परत भरते. याला अर्धा ते एक तास लागतो.

म्हणून मुलाने किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे जास्त महत्त्वाचे. जेवणाबरोबर एक लाडू खाल्ला तर लाळेला सावरायला वेळ मिळतो. तोच लाडू दिवसभर चघळत ठेवला तर दात सतत आम्लात बुडालेले राहतात. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. रात्री तोंडात बाटली ठेवून झोपलेल्या बाळाचे पुढचे दात आधी जातात ते याच कारणाने. दातात किडा असतो आणि रिंगणीच्या बियांच्या धुरीने तो पडतो, असा समज अजून आहे. दातात असा किडा नसतो. धुरीत वेळ गेला की कीड आणखी खोल जाते.

आजार तोंडापर्यंत कसा पोहोचतो?

*वारंवार खाण्याची सक्ती.* ग्लायकोजन साठवण आजाराच्या पहिल्या प्रकारात यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू शकत नाही. अशा मुलाला दिवसा आणि रात्रीही दर तीन-चार तासांनी कच्चे मक्याचे स्टार्च साध्या पाण्यात कालवून द्यावे लागते. ते त्याचे औषधच आहे, ते कधीही कमी करायचे नाही. पण याचा अर्थ रात्री लाळ आटलेली असतानाही दातांवर पीठ बसते. ते चवीसाठी गोड करू नये. दिल्यावर दोन घोट पाणी पाजावे आणि ओल्या फडक्याने दात पुसावेत. याच आजाराच्या एका उपप्रकारात पांढऱ्या पेशी कमी असतात. त्यामुळे हिरड्या सुजणे, तोंड येणे वारंवार होते.

*तोंड कोरडे पडणे.* म्युकोपॉलिसॅकरिडोसिस या गटातल्या आजारांत जीभ मोठी होते, हिरड्या जाड होतात, दात उशिरा आणि विरळ येतात. नाक कायम चोंदलेले असते, म्हणून मूल तोंडाने श्वास घेते आणि लाळ सुकते. मॉर्कियो नावाच्या प्रकारात दातांचे आवरणच पातळ असते, त्यामुळे ते लवकर झिजतात. ताप, उलट्या, जुलाब यांत पाणी कमी पडले की कोणत्याही मुलाची लाळ घटते. पण आधीच आजारी असलेल्या मुलाला त्याचा फटका जास्त बसतो.

*लाळ गळणे.* लाळ गळते म्हणजे ती जास्त होते असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा लाळ नेहमीइतकीच असते. गिळण्याचे आणि ओठ मिटण्याचे स्नायू कमजोर असतात, म्हणून ती बाहेर येते. लाळ कमी करण्यासाठी पाणी तोडणे हा अगदी चुकीचा उपाय आहे. लाळ आटवणाऱ्या गोळ्या कधीकधी डॉक्टर देतात. त्या सुरू असतील तर दातांची निगा दुप्पट ठेवावी लागते. झटक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोनाझेपामने लाळ वाढू शकते, तर फेनिटॉइनने हिरड्या फुगतात. म्हणून ही औषधे मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांच्या कानावर घालावे.

*दाताच्या घडणीतच दोष.* फॉस्फेट लघवीवाटे वाहून जाणाऱ्या आनुवंशिक मुडदुसात दाताचा आतला भाग नीट भरत नाही. वरून दात चांगला दिसतो, पण बारीक भेगांतून जंतू आत जातात आणि कीड नसताना हिरडीवर पू येतो. पाय वाकलेल्या मुलाला असा फोड दिसला तर हाडांचीही तपासणी हवी. हायपोफॉस्फेटेसिया या आजारात दुधाचे दात पाच वर्षांच्या आतच, लांब मुळासकट गळून पडतात. एरवी दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचे मूळ झिजून गेलेले असते. म्हणून लवकर पडलेला दात फेकू नका, छपरावरही टाकू नका. कागदात बांधून डॉक्टरांना दाखवा.

*चावून घेणे.* १९६४ साली वर्णन झालेल्या लेश-नायहन या आजारात मुलगे स्वतःचे ओठ आणि बोटे चावून जखमी करतात. हा हट्ट नाही, वेड नाही. मारून किंवा ओरडून ते थांबत नाही. दंतवैद्य दातांवर बसवायचे संरक्षक साधन देऊ शकतात.

*रक्त न थांबणे.* गॉशे आजारात प्लीहा वाढते आणि रक्तबिंबिका कमी होतात. अशा मुलाचा दात काढण्यापूर्वी रक्त तपासलेच पाहिजे.

"साखरविरहित" लिहिले म्हणजे चालेलच असे नाही

दातांसाठी आपण सर्रास सांगतो, साखर नसलेले औषध घ्या. इथे मात्र जपून.

फ्रुक्टोज न पचण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. फळे, मध, ऊस आणि साखर यांतले फ्रुक्टोज अशा मुलाच्या यकृताला बाधते. गोड दिले की उलट्या, घाम, गळाठा. ही मुले समज येण्याआधीच गोडाकडे पाठ फिरवतात. म्हणूनच त्यांच्या तोंडात कीड जवळजवळ दिसत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आले आणि साखर व कीड यांचे नाते आणखी पक्के झाले. एखादे मूल गोडाला तोंड लावत नसेल तर "लाड करतंय" म्हणून केळे किंवा प्रसादाचा शिरा बळेच भरवू नका. आणखी एक. या मुलांना सॉर्बिटॉलही चालत नाही, कारण शरीरात त्याचे फ्रुक्टोज होते. साखरविरहित सिरपांत आणि बऱ्याच टूथपेस्टांतही सॉर्बिटॉल असते. नवजात बाळाला मध चाटवण्याची रीत तर सोडूनच द्यावी. इतर कारणांसाठीही एक वर्षाच्या आत मध देऊ नये, असेच सांगितले जाते.

दुसरा आजार फिनाइलकीटोन्युरिया. त्यात फिनाइलॅलानिन हा प्रथिनातला घटक साचून मेंदूला इजा करतो. साखरेऐवजी अॅस्पार्टेम घातलेल्या औषधातून नेमका हाच घटक मिळतो. म्हणजे एका मुलाला सॉर्बिटॉल नको, दुसऱ्याला अॅस्पार्टेम नको. निदान झालेल्या मुलाला खोकल्याचे औषध किंवा टूथपेस्टसुद्धा डॉक्टरांना दाखवूनच द्यावी. साखरेचे सिरप घ्यावेच लागत असेल तर त्यानंतर लगेच पाणी पाजावे.

"उद्या सकाळी उपाशीपोटी या"

सगळ्यात मोठा धोका या एका वाक्यात आहे. दात काढायचा, भूल द्यायची, रक्त तपासायचे, म्हणजे मूल उपाशी हवे. नेहमीच्या मुलाला याचा त्रास होत नाही. पण डोंगरावरच्या वाडीतल्या आईचा दिवस मोजून पाहा. रात्री आठला जेवण. पहाटे चारला मूल कडेवर घेऊन पायवाटेने रस्त्यापर्यंत. तिथून रिक्षा किंवा टमटमने कर्जत स्टेशन. मग मुंबईपर्यंत सुमारे दोन तास लोकल. त्यानंतर केसपेपरची रांग. मुलाचा नंबर लागेपर्यंत पंधरा-सोळा तास पोट रिकामे. ग्लायकोजन साठवण आजार असलेल्या मुलाची साखर तीन-चार तासांतच धोक्याच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, सुस्ती, मग झटके. आईने मात्र सांगितलेले अक्षरशः पाळलेले असते.

दुसऱ्या काही आजारांत प्रथिने मोडताना तयार होणारे अमोनिया किंवा आम्ले शरीराला बाहेर टाकता येत नाहीत. अशा मुलाची दाढ दुखते, ते दोन दिवस जेवत नाही. मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून शक्ती मिळवू लागते आणि त्यातून विष वाढते. पुवाचा ताप आला की हे आणखी वेगाने होते. सुरुवात किडक्या दाढेने झालेली असते, शेवट अतिदक्षता विभागात होतो.

म्हणून हे चार नियम पाठच करावेत.

१. निदान झालेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नका. "माझ्या मुलाला किती तास उपाशी ठेवता येते?" हे आईने स्वतः विचारावे. अशा मुलाला सकाळचा पहिला नंबर मिळावा आणि लागल्यास आदल्या रात्री दाखल करून ग्लुकोजची सलाइन लावावी.

२. प्रवासात खाणे आणि औषधाचे डोस दुप्पट न्या. गाड्या रखडतात.

३. उलट्या, सुस्ती, झटके, वेगळाच श्वास यांपैकी काही दिसले तर दंतवैद्याकडे नको. १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठा.

४. म्युकोपॉलिसॅकरिडोसिस असलेल्या मुलाला पूर्ण भूल फक्त मोठ्या रुग्णालयातच द्यावी. त्यांचा श्वासमार्ग अरुंद असतो आणि मानेचे मणके सैल असू शकतात. मान वाकवणेही धोक्याचे ठरते.

यासाठी प्रत्येक मुलाकडे डॉक्टरांचे "तातडीचे पत्र" असायला हवे. त्यात आजाराचे नाव, किती तास उपाशी चालते, उलट्या झाल्या तर काय द्यायचे, कोणती औषधे टाळायची आणि कुठे फोन करायचा एवढे असले की पुरे. दिवाळीनंतर आपली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा भट्ट्यांवर परजिल्ह्यात, कधी परराज्यात जातात. तिथल्या डॉक्टरला मुलाची काहीच माहिती नसते. म्हणून पत्र मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असावे, प्लास्टिकमध्ये घालून रेशनकार्डाबरोबर ठेवावे आणि भट्टीवर जाताना न चुकता न्यावे. पावसाळ्यात वाटा बंद होणाऱ्या वाड्यांवर औषधाचा साठा जूनच्या आधीच करावा.

वाडीवर रोज काय करता येईल?

पहिला दात दिसल्यापासून मऊ ब्रशने सकाळी आणि रात्री दात घासावेत. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. गिळायला त्रास असलेल्या मुलाला आडवे निजवून दात घासू नयेत. मांडीवर टेकवून बसवावे, डोके थोडे पुढे ठेवावे, ब्रश जेमतेम ओला करावा. थुंकता येत नसेल तर स्वच्छ फडक्याने पुसावे. ओठांना आणि हनुवटीला तेलाचा किंवा व्हॅसलीनचा हात लावला तर लाळेने कातडी सोलवटत नाही. लाळेरे ओले झाले की बदलावे. मशेरी मुलांच्या हाती देऊ नये. ती तंबाखूच आहे. दोन खाण्यांच्या मध्ये फक्त पाणी. ज्या मुलांना वारंवार खावेच लागते त्यांची वेळ ठरलेली असावी, दिवसभर चघळणे नसावे.

वासाकडेही लक्ष असू द्या. बाळाच्या लघवीला काकवीसारखा किंवा मेथीसारखा वास येत असेल आणि बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, तर लगेच दाखवावे. बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ले तरी असा वास येऊ शकतो, म्हणून फक्त वासावरून घाबरायचे नाही. पण सुस्त बाळाला घरी ठेवायचे नाही.

कुठे जायचे?

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ० ते १८ वर्षांच्या मुलांची मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. दातांची कीडही त्यांच्या यादीत आहे. पथक येईल त्या दिवशी वर सांगितलेली लक्षणे असलेले मूल समोर उभे राहील, एवढे आपण पाहायचे. पुढची पायरी म्हणजे कशेळे किंवा चौक येथील ग्रामीण रुग्णालय, कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय. दुर्मीळ आजारांसाठी मुंबईत परळचे केईएम रुग्णालय केंद्र सरकारने उत्कृष्टता केंद्र ठरवले आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली अशा केंद्रांत, यादीतल्या आजारांसाठी, ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. ही मर्यादा २०२२ मध्ये वाढवण्यात आली. पैसे कुटुंबाच्या हातात येत नाहीत, उपचार केंद्रामार्फत होतात. आयुष्यभर द्याव्या लागणाऱ्या विकराच्या महागड्या इंजेक्शनांना ही रक्कम पुरेलच असेही नाही.

त्या इंजेक्शनांसाठी वाट पाहावी लागते, अर्ज करावे लागतात, कधी नकारही येतो. ब्रश, पेस्ट, ओले फडके, दोन घोट पाणी आणि प्लास्टिकमध्ये घातलेले एक पत्र यांसाठी वाट पाहावी लागत नाही. पुढच्या शिबिरात दातांची तपासणी शेवटी ठेवू नये, एवढी आमची सर्व कार्यकर्त्यांना विनंती आहे. आणि दात तपासताना आईला एक प्रश्न जरूर विचारा : "हे मूल उपाशी राहिलं तर काय होतं?" उत्तर देताना ती थबकली, तर तिथेच बसून तिचे सगळे ऐकून घ्या.